नंबर सुनंदाचा होता

आमच्या ह्यांना हे कधी कळलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दिवसदिवस उशाशी बसून असायचे, बोलायला वेळच वेळ होता, तरी नाही सांगितलं. मुलींना नाही. पाठच्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडायचे तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटायचे आणि दिवा लावून मोकळी व्हायचे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नाहीतर — नाही, कारण वगैरे काही नाही. सांगतेय, एवढंच.

लोक मला चांगली बाई समजतात. हे आधी सांगायला हवं, कारण ते नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. कुणाकडं बाळंतपण असलं की मी, कुणाकडं मयत झालं की पिठलंभाकरी घेऊन मी. कॉलनीत माझ्या शब्दाला किंमत होती. 'वहिनी म्हणाल्या ना, मग झालं' — असं.

बारामतीच्या एमआयडीसीच्या अलीकडं आमची कॉलनी. नव्वदचं दशक नुकतं लागलेलं. बैठी घरं, दोन घरांत मिळून एक भिंत, आणि वर सिमेंटचे पत्रे. उन्हाळ्यात भट्टी, पावसात ताशा. मधली भिंत पत्र्याला नीट भिडलेलीही नव्हती; वर हातभर फट होती, त्यातून इकडची फोडणी तिकडं आणि तिकडचं बोलणं इकडं.

भिंतीपलीकडं सुनंदा. तिचे मिस्टर सुधाकर भावजी बस डेपोत मेकॅनिक. आणि तिचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. माळेगावला उसाच्या वजनकाट्यावर आबांची सगळी नोकरी गेली. माणूस ताठ. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच झटका आला — उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. पण डोळे आणि कान शाबूत. त्यांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. ती खिडकी लक्षात असू द्या.

सुनंदा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं करून ती टायपिंगच्या क्लासला जायची. सरकारी नोकरीची लेखी परीक्षा पास झाली होती, आता हाताची परीक्षा राहिली होती — मशीनवर टाईप करून दाखवायची. क्लासवाल्यांकडून एक जुनं मशीन तिनं भाड्यानं घरी आणलं होतं. दुपारी मी जरा आडवी झाले की भिंतीपलीकडून सुरू — टक टक टक टक, आणि ओळ संपली की किण्ण. मला राग यायचा का? यायचा. झोपमोड होते म्हणून येतो, असं मी स्वतःला सांगायचे. मी बारावी झालेली. मलाही एकदा क्लास लावायचा होता.

आणखी एक सांगते, आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. आमच्या सासूबाई सुनंदाकडचा चहा घेत नसत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून सुनंदा विहारात जायची, येताना वाटीभर खीर आणायची. सासूबाई 'आज उपास हाय' म्हणून वाटी बाजूला सारायच्या. मी खायचे. सासूबाईंच्या देखत खायचे. आणि आपण खातो याचा मला केवढा अभिमान! खीर खाल्ली म्हणजे मी वेगळी, असं मला वाटायचं.

तर गारपीट.

चैत्र होता. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ आधी पिवळं आणि मग काळंनिळं झालं. धुळीचा लोट आला, आणि त्याच्या मागं गारा. लिंबाएवढ्या. पत्र्यावर आवाज एवढा, की शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई काय ओरडतायत ते मला त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखावं लागलं. मुलींना घेऊन मी खाटेखाली शिरले. थांबलं तेव्हा बाहेर अंगणात पांढराशुभ्र सडा, कडुलिंबाचा पाला सगळा खाली, आणि घरात — घरात आभाळ दिसत होतं. पत्र्याला भोकं, कुठं कुठं अख्खे तुकडे खाली. सगळ्या कॉलनीची तीच गत. इंदापूर तालुक्यात तर आदल्या आठवड्यातच झालं होतं, त्यामुळं तिकडच्या लोकांनी दुकानांतले पत्रे आधीच उचललेले. पत्रा मिळेना, आणि पत्रा मिळाला तर मिस्त्री मिळेना.

शेवटी कऱ्हाटीकडचा एक बबन मिस्त्री कुणीतरी शोधून आणला. तो आणि त्याची बायको शालन, दोघंच काम करायची. तो वर, छपराच्या लोखंडी अँगलवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून; ती शिडीवर उभी राहून पत्रा वर सरकवायची. टेंपोतून जमतील तेवढे पत्रे तो आणायचा. सगळ्यांनी मिळून ठरवलं — ओळीनं करायचं. कोपऱ्यावरच्या पाटीलबाईंच्या घरापासून सुरुवात, मग एकेक घर पुढं. कुणी मध्ये घुसायचं नाही. मीच म्हणाले होते तसं. पाटीलबाईंच्या दारात उभी राहून, मीच.

त्या ओळीत सुनंदाचं घर आमच्या आधी.

तिच्या पुढच्या खोलीवरचे जवळजवळ सगळे पत्रे गेले होते. एक अर्धा फुटका पत्रा आकड्याला तसाच लटकत राहिलेला. सुधाकर भावजींनी त्यावरून ताडपत्री ओढली आणि विटांनी दाबली. आबांची खाट आतल्या खोलीत न्यायची, तर आतलं दार अरुंद, खाट मावत नव्हती. आणि जमिनीवर झोपवलं तर सुनंदाला एकटीला उचलता येत नव्हतं. म्हणून खाट तिथंच. आमचं काय गेलं होतं? स्वयंपाकघरावरचे दोन-तीन पत्रे, आणि पुढं भोकं. पाणी गळलं असतं, बादल्या ठेवल्या असत्या. चाललं असतं. खरंच चाललं असतं.

पण रविवारी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. मंगलला. दोन ठिकाणी नकार आलेला, सासूबाई जप करत बसलेल्या. वर भोकं पडलेल्या घरात पाहुण्यांना बसवायचं? सासूबाई दिवसभर तेच. "लोक म्हंतील, ह्यांच्या डोक्यावर धड छप्पर न्हाय, ही काय लगीन करून देणार." ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं तेवढं सांगतेय.

शुक्रवारी सकाळी बबन मिस्त्री टेंपोतून पत्रे घेऊन आला. सुनंदाच्या अंगणात त्यानं ते भिंतीला टेकून उभे केले. सुधाकर भावजी ड्यूटीवर, सुनंदा क्लासला. दार नुसतं लोटलेलं, आत आबा. मिस्त्रीनं दोनदा हाक मारली — "हाय का कुणी?" — आणि मग मला बघून विचारलं, "वहिनी, ह्या बाई कुठं गेल्या? काम सुरू करू नव्हं?"

किती साधा प्रश्न! हो, करा सुरू — एवढंच म्हणायचं होतं. मी अंगणात उतरले. त्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. म्हणाले, "सुनंदा सांगून गेलीय. आबांना ठोकठोक सोसत नाही. त्यांना चार दिवस इंदापूरला पाहुण्यांकडं ठेवणार आहेत, मग तुम्हाला बोलावतील. तोवर आमचं उरका म्हणाली."

कुठून आलं ते सगळं? मी आधी ठरवलं नव्हतं. पण न अडखळता आलं. आबांचं नावसुद्धा.

शालननं माझ्याकडं बघितलं. "पण त्यांचं तर सगळंच उघडं पडलंय, वहिनी. आन् पुन्यांदा आभाळ आलं तर?"

"मी काय सांगू? ज्याचं त्याला कळतं," मी म्हणाले.

बबननं खांदे उडवले. "तुमी म्हणताय म्हंजी बराबरच असंल." आणि एक एक करून ते पत्रे त्या दोघांनी आमच्या अंगणात आणले.

मी वळले तेव्हा खिडकीतून आबा माझ्याकडं बघत होते. उशीवर मान एका बाजूला कललेली, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, आणि डोळे — सरळ माझ्यावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातभर अंतरावरून. मला काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. मला वाटलं — बरं झालं, ह्यांना बोलता येत नाही.

हे वाक्य मी आजवर मनातल्या मनातही पुरं केलं नव्हतं.

दुपारी सुनंदा आली. बबन आमच्या छपरावर, ठोकाठोक जोरात. ती अंगणात थांबली, तिच्या ताडपत्रीकडं बघितलं, मग आमच्या छपराकडं. मी चहाचा कप हातात घेऊन बाहेर धावले. तिनं विचारायच्या आधीच म्हणाले, "अगं, तुमचा अँगल वाकलाय म्हणे. तो आधी सरळ करून आणायला लागेल. तोवर हात रिकामा कशाला म्हणून आमचं धरलं त्यानं."

"व्हय का," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला, पण संशय? संशय नावालाही नाही. माझ्यावर कशाला घेईल? तिनं मान वर करून हाक दिली, "मिस्त्री, आमचं मग कधी?"

आता तो म्हणणार — तुम्हीच तर सांगितलं ना!

बबननं तोंडातला खिळा काढला. "तुमी म्हणाल तवा, बाई."

"उद्याच्याला या मग."

त्यानं पुढं काही विचारायच्या आत मी खालून ओरडले, "मिस्त्री, चहा गार होतोय!" तो शिडीवरून उतरायला लागला तोवर सुनंदा आत गेलेली. आबांचं सगळं करायचं राहिलं होतं.

आणि तो खाली येऊन मला म्हणाला, "त्या तर उद्या या म्हंत्यात."

मी म्हणाले, "आबांना हलवल्यावर. मी निरोप देईन तुम्हाला."

संध्याकाळी आमचं छप्पर पुरं झालं. सासूबाईंनी मिस्त्रीला आणि शालनला पोटभर जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी बबन सुनंदाचं घर तसंच ठेवून आमच्या पुढच्या घरावर चढला. निरोप यायचा होता ना त्याला! सुनंदा सकाळी दारात येऊन जाऊन बघत होती. तिनं मला विचारलं, "अँगल आणायला कुणाला पाठवलंय का हो त्यानं?" मी म्हटलं, "पाठवलं असेल." त्या दिवशी तिचा क्लास नव्हता, आबांना भरवून ती मशीनवर बसली. टक टक टक टक. मी पाहुण्यांसाठी चादरी धूत होते. मला वाटलं, आता जावं आणि बबनला सांगावं, सुनंदाचं करा आधी. वाटलं, खरंच वाटलं. मग म्हटलं, चादरी वाळत घालते आणि जाते. मग म्हटलं, उद्या पाहुणे जाऊ देत.

तिसऱ्या प्रहरी चादरी पुऱ्या वाळल्याही नव्हत्या, तोच वारा पडला. झाडाचं पान हलेना. पश्चिमेकडून परत ते पिवळं आभाळ.

पुढच्या घरावरून बबन भराभरा उतरला. बायका कपडे ओढत आत पळाल्या. आमची घरं एकाएकी अंधारली. पहिली गार माझ्या पायाशी येऊन फुटली, आणि मी आत शिरून दार लावलं. दार लावलं मी! आमच्या डोक्यावर नवे पत्रे धडाधडा वाजत होते आणि एक थेंब आत येत नव्हता. मधूनच जोर ओसरला की भिंतीवरच्या फटीतून पलीकडचं ऐकू येत होतं. ताडपत्री फाटल्याचा आवाज मी ऐकला. सुनंदा "आबा, आबा" करत होती तेही ऐकलं. मग काहीतरी मोठं पडलं. आणि मग ती जी ओरडली —

आमचे हे त्या दिवशी घरीच होते. म्हणाले, "चल!" त्यांनी दार उघडलं. ह्यांनी उघडलं, मी नाही. पुढं लोकांनी ते माझ्या नावावर लावलं.

लटकलेला तो अर्धा पत्रा आकड्यासकट खाली आला होता. आबांच्या तोंडावर येणार म्हणून सुनंदा त्यांच्यावर ओणवी झाली होती आणि तिनं उजवा हात त्यांच्या डोक्यावर धरला होता. पत्र्याची फुटकी कड मनगटावर बसली. गादी लाल, आबांचं कपाळ लाल, वरून गारा. ह्यांनी आणि पुढच्या घरातून धावत आलेल्या बबननं मिळून खाट बाहेर काढली आणि आमच्या घरात आणली. मी सुनंदाच्या हाताला टॉवेल गुंडाळून घट्ट दाबून धरला. ती मला म्हणाली, "वहिनी, तुमी व्हता म्हणून." आमच्या नव्या छपराखाली. माझ्या खांद्याला डोकं लावून.

आबांना काही झालं नव्हतं. ते खाटेवर ओले पडून होते आणि माझ्याकडं बघत होते.

दवाखान्यात टाके घातले. आतल्या शिरा तुटल्या होत्या. अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं. बाकीची तीन बोटं पुढं कधी वळली नाहीत.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मी एवढी फिरून फिरून आलेय. तुम्हाला वाटलं असेल, ते पत्रे — तेच माझं पाप. ते होतंच. पण ते घाईत झालं. हे घाईत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी — रविवारीच — सुधाकर भावजी दवाखान्यातून कपडे न्यायला आले. तोवर कॉलनीत एकच बोलणं सुरू होतं. ओळ ठरली होती, मग मधलं घर सुटलं कसं? ते घर उघडं टाकून मिस्त्री पुढं गेलाच कसा? माणसं जमली. बबन आणि शालन कामावर आले ते त्या घोळक्यातच सापडले. सुधाकर भावजी रात्रभर जागलेले. डोळे लाल, नुसते उभे. भडकले ते आमचे हे. ह्यांनी बबनची गचांडी धरली. "कुणाचं खाल्लंस रे? कुणासाठी ह्यांना उघड्यावर टाकलंस?"

बबन गोंधळून गेला. "साहेब, मला वहिनींनीच सांगितलं. त्या बाईंनीच आमचं राहू द्या म्हणून निरोप ठेवलावता ना. वहिनी, तुमीच सांगा की."

सगळे माझ्याकडं वळले. मी आमच्या दारात उभी होते, ओट्यावर. हातात पोह्यांची परात होती — पाहुणे यायचे होते.

त्या क्षणी अजून सगळं सांगता आलं असतं. सुधाकर भावजी माझ्यासमोर दहा पावलांवर. मला पाटीलबाईंचा चेहरा दिसत होता. मला शालन दिसत होती. सगळ्यांचे डोळे म्हणत होते, वहिनी आता बोलतील आणि काय ते खरं कळेल.

मी म्हणाले, "मी? मी कशाला असं सांगेन? मला तर हाच म्हणाला, त्यांचा अँगल वाकलाय म्हणून."

ह्यांनी बबनच्या थोबाडीत मारली. त्याच्या बायकोसमोर. त्याची टोपी खाली पडली. तो टोपी उचलायला वाकला नाही, माझ्याकडं बघत राहिला, जणू मी आत्ता 'थांबा' म्हणेन. शालन पुढं आली. ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. मोठ्यानं नाही, हळू म्हणाली, "वहिनी, मी शेजारीच हुबी व्हती की. मी बोललेवते तुमाला, आभाळ आलं तर म्हून. आठवतंय नव्हं?"

मी परात घेऊन आत गेले.

माझ्यावरच विश्वास बसला सगळ्यांचा. का बसणार नाही? ती दोघं बाहेरची, मी वहिनी. त्यांना कॉलनीतून हाकललं. बारामतीतल्या पत्र्याच्या दुकानदारांपर्यंत गोष्ट गेली — पुढं पुढं म्हणे दुकानदारही त्याचं नाव गिऱ्हाइकाला सुचवेनासे झाले. मग तो तालुका सोडून गेला असं ऐकलं. कुठं, ते मी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मंगल पसंत पडली.

सुनंदाला कुणीतरी सांगितलं असणार, मिस्त्री काय म्हणाला ते. दवाखान्यातून आल्यावर ती मला म्हणाली, "आपलं झाकायला तुमचं नाव घेतलं बघा मेल्यानं." मी तिच्या केसांत तेल घालत होते. माझा हात थांबलासुद्धा नाही. ते टायपिंगचं मशीन परत न्यायला क्लासचा माणूस आला, तेव्हा रिक्षात ठेवायला एका बाजूनं मी धरलं. तिनं ते मळक्या फडक्यानं डाव्या हातानं पुसून दिलं होतं. हाताची परीक्षा आली आणि गेली.

मी किती वेळा विचार केलाय — मला तिची नोकरी होऊ नये असं वाटत होतं का? छप्परच हवं होतं मला, हे खरं. पण मशीन गेलं आणि दुपारी पलीकडं शांत झालं, तेव्हा पहिल्या दिवशी मला झोप लागली. चांगली लागली. आणि बबनपुढं उभी होते तेव्हा, नंबर सुनंदाऐवजी पाटीलबाईंचा असता, तर माझं तोंड उघडलं असतं का? नसतं. त्यांच्या नावावर असा निरोप खपवायची मला हिंमतच झाली नसती. सुनंदाच्या नावावर झाली. सासूबाई निदान वाटी उघड उघड बाजूला सारायच्या.

आबा राहिले. आबांची मला धास्ती बसली. सुनंदा हाताला मालिश करून घ्यायला दवाखान्यात जायची तेव्हा आबांपाशी मला बसवायची — दुसरं कोण होतं भरवशाचं? मी पेज भरवायला गेले की ते तोंड मिटून घ्यायचे. सुनंदा आली की खायचे. ती म्हणायची, "आबा हट्टी झालेत, वहिनी, मनावर घेऊ नका."

डॉक्टर म्हणाले होते, वाचा थोडी थोडी येईल. आणि यायला लागली. आधी 'पाणी' आलं. मग 'सुनू' — तिला ते तसं म्हणायचे. सुनंदा रडली त्या दिवशी, सगळ्या कॉलनीला साखर वाटली. मी साखर घेतली आणि घरी येऊन न्हाणीघरात बसून राहिले. रोज सकाळी फटीतून कान लावायचे, आज आणखी कुठला शब्द आला? पलीकडं हसण्याचा आवाज आला की बरं वाटायचं. दोघं हळू बोलायला लागले की मी हातातलं काम टाकून भिंतीला चिकटायचे.

एकदा दुपारी आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या उशाची खिडकी लावत होते. त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला. जोर होता त्या हातात. ओठ हलले, घशातून नुसता वारा आला. परत हलले. कपाळावर घाम आला त्यांच्या. आणि मग शब्द आला, अगदी स्वच्छ.

"सांग."

सांगतो, असं नाही. सांग. त्यांनी सुनंदाला काहीही सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हते. तो शब्द त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता.

मी काय केलं? मी म्हणाले, "पाणी हवंय का, आबा?" आणि पदर सोडवून माठाकडं गेले. भांडं भरून आणलं तर त्यांनी डोळे मिटलेले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडं बघणं सोडून दिलं. पुढच्या थंडीत ते गेले. मी सुनंदाजवळ बसून होते, लोकांना चहा देत होते.

सुधाकर भावजींची बदली इंदापूरला झाली. दशक संपता संपता त्यांनी तिथं स्वतःचं घर बांधलं. नोकरी सुनंदाला मिळाली नाही ती नाहीच, पण ती घरी पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली, फळ्यावर डाव्या हातानं लिहून. घर झालं तेव्हा मला आणि ह्यांना आग्रहाचं बोलावणं. गेलो. मांडव, खुर्च्या, माईक. आधी वंदना झाली, मग जेवणाआधी सुनंदानं माईक घेतला. म्हणाली, ह्या घरात पहिलं पाऊल कुणाचं पडावं असं मला वाटत होतं ते सांगते. आणि तिनं गारपिटीचं सगळं सांगितलं. आम्ही उघड्यावर पडलो, माझा हात गेला, पण माझे आबा वाचले, कारण शेजारी ह्या वहिनी होत्या. त्या दिवशी दार उघडलं ते वहिनींनी. हात धरून तिनं मला पुढं नेलं, त्या न वळणाऱ्या बोटांच्या हातानं धरून, आणि माईक माझ्या तोंडाशी केला. "दोन शब्द बोला, वहिनी."

पुढं सुनंदाच्या शिकवणीची पोरं बसली होती, त्यांच्या आया, डेपोतली माणसं. तिची मुलगी पहिल्या रांगेत, माझ्याकडं बघून हसत होती. समोर सुधाकर भावजी, आणि त्यांच्या शेजारी आमचे हे, ज्यांनी माझ्या शब्दावर एका माणसाला मारलं होतं.

मी माईक धरला. म्हणाले, "शेजाऱ्यानं शेजाऱ्यासाठी एवढं करायचंच असतं. त्यात विशेष काय."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ऐकू आलं नाही. तर मी माईक जवळ घेतला आणि पुन्हा एकदा म्हणाले, मोठ्यानं.